खोका, भिंत आणि ऐकणारा

साहित्याच्या वर्गात 'आवाज' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कवीचा आवाज, निवेदकाचा आवाज, दडपलेला आवाज, उसना आवाज. हा आवाज येतो कोठून, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेच, तर आपण निःशंकपणे लेखकाकडे बोट दाखवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. गेल्या पावसाळ्यात एका बिघडलेल्या स्पीकरच्या निमित्ताने या शब्दाकडे त्याच्या मूळ, भौतिक अर्थाने पाहण्याची वेळ आमच्यावर आली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. या पानांच्या वाचकांपैकी अनेकांनी गिटारचा अँप्लिफायर जवळून पाहिला नसेल, हे गृहीत धरून थोडे तांत्रिक विवेचन विस्ताराने करणे भाग आहे. आमचा मुद्दा त्या तपशिलांतच दडलेला असल्याने वाचकांनी ते सोसावे.

आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळनंतर एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत. गणेशोत्सव, लग्नकार्ये, शाळांची स्नेहसंमेलने हे त्यांचे कार्यक्षेत्र. १९८४ साली त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बारा इंची स्पीकर आणि अँप्लिफायरचे सुटे भाग आणले, गावातल्या सुताराकडून फणसाच्या फळ्यांचा, मागून उघडा असा खोका करून घेतला, आणि त्यात ते सारे स्वतः बसवले. कोकणात 'पेटी' म्हटले की हार्मोनियमच समजली जाते, म्हणून घरात त्याला 'गिटारचा खोका' हे नाव पडले. २०१६ साली दादा गेले. खोका ओटीवर तसाच राहिला. त्यांची मुलगी, आमची पुतणी, वडिलांचीच गिटार त्यावर वाजवू लागली, आणि गेल्या वर्षी आषाढात एके दिवशी त्या स्पीकरमधून सुरांबरोबर कागद खरवडल्यासारखी घरघर येऊ लागली.

घरघरीचे कारण समजून घ्यायचे तर स्पीकर म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक वेटोळे, त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू, आणि शंकूला कडेने धरून ठेवणारी लोखंडी चौकट: एवढाच हा संसार. तारेतून विद्युत्प्रवाह जातो, वेटोळे मागेपुढे हलते, कागद हवा ढकलतो. ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली सिद्ध केली. त्यापूर्वीच्या ध्वनिवर्धकांना कर्णा लागत असे. राइस-केलॉग यांच्या शोधाचे महत्त्व हेच की, कर्ण्यावाचून नुसता कागद बोलू लागला. शंभर वर्षे झाली, तरी गिटारच्या स्पीकरमध्ये आजही बहुधा कागदच असतो. आणि रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ज्या हवेत पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी येते आणि दारे चौकटीत अडकून बसतात, त्या हवेत बत्तीस पावसाळे काढलेल्या आणि पुढे आणखी काही पाहिलेल्या कागदाने आकार सोडला, वेटोळे फटीत तिरके होऊन चुंबकाला घासू लागले, यात नवल ते काय?

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरात गाणी ऐकण्यासाठी जो स्पीकर असतो त्याने स्वतःचे काही बोलू नये, अशी आपली अपेक्षा असते. गिटारच्या स्पीकरचे तसे नाही. तो वाद्याचाच भाग असतो. साधारण ५००० हर्ट्झच्या वर तो जवळजवळ मुका होतो, त्यामुळे विजेच्या गिटारचा किरटेपणा परस्पर गाळला जातो. २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो थोडा अधिक बोलतो, आणि त्यामुळे सुराला धार येते. जोराने वाजवल्यावर कागद अखंड हलत नाही, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरतात आणि त्या थरथरीतून एक खरखरीत गोडवा निर्माण होतो. १९५८ साली 'रंबल' वाजवणाऱ्या लिंक रे याने अँप्लिफायरच्या स्पीकरांना मुद्दाम भोके पाडली होती. १९६४ साली द किंक्स या ब्रिटिश वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस याने स्पीकरचा कागद पात्याने चिरला, आणि त्या चिरलेल्या कागदाच्या आवाजावर पुढच्या पिढीचे संगीत उभे राहिले. ज्या लिओ फेंडरच्या नावाचे अँप्लिफायर जगभर वाजतात, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मग तो आवाज कोणाचा? वादकाचा, की कागदाचा, की ज्याने खोका घडवला त्याचा?

दादांच्या बाबतीत हा प्रश्न आमच्या घरात अगदी व्यावहारिक स्वरूपात उभा राहिला. दोन मार्ग होते. एक, जुन्याच स्पीकरची चौकट आणि चुंबक ठेवून कागद व वेटोळे नवे बसवणे. दुसरा, स्पीकरच नवा आणणे. पहिला मार्ग ऐकायला निष्ठेचा वाटतो. पण वेटोळे आणि कागद गेल्यावर जुन्या स्पीकरचे जे उरते ते लोखंड. पाते दोनदा आणि मूठ तीनदा बदललेल्या कोयतीला आजोबांची कोयती म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. शिवाय दादांच्या स्पीकरला जो स्वभाव आला होता तो वर्षानुवर्षे सैल पडत गेलेल्या कागदाचा होता, आणि नवा कागद तो स्वभाव घेऊन येणार नव्हता. पुतणीने हे सारे शांतपणे समजावून सांगितले आणि सेलेस्टियन कंपनीचा पंचवीस वॅटचा 'ग्रीनबॅक' मागवला. तिला पुण्यात नोकरी लागली होती. खोका ती बरोबर नेणार होती. वहिनींचा याला विरोध होता, पण तो त्यांनी बोलून दाखवला नाही. स्पीकर बसवून पहिल्यांदा वाजवला, तेव्हा त्या माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "भावोजी, हा यांचा आवाज नव्हे."

वहिनींना संगीताचे शिक्षण नाही. पण बत्तीस वर्षे जो खोका त्यांनी रोज ऐकला, त्याबद्दल त्यांची साक्ष कोणाही तज्ज्ञाच्या साक्षीहून वजनदार आहे, असे आम्हांला वाटले. प्रश्न इतकाच की, त्या साक्षीचा अर्थ काय लावायचा?

पहिली शंका मोठेपणाची. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती आवाज येतो यावर स्पीकरची संवेदनशीलता मोजतात. ग्रीनबॅकची ती ९८ डेसिबल, तर त्याच कंपनीच्या 'व्हिंटेज ३०'ची १०० डेसिबल. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अँप्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखे. स्पीकर बदलला की आवाज चढतो किंवा उतरतो, आणि आपला कान त्या चढउतारालाच 'चांगला' अथवा 'वाईट' अशी नावे देऊन मोकळा होतो. म्हणून पुतणीने आवाज बराच खाली आणून पुन्हा वाजवले. वहिनींचे उत्तर बदलले नाही.

मग आमचे लक्ष खोका कोठे ठेवला होता याकडे गेले. स्पीकर बसवण्यासाठी तो माजघरात आणून जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवला होता. दादांच्या हयातीत तो ओटीवर, कमरेएवढ्या घडवंचीवर, मागच्या भिंतीपासून सुमारे मीटरभर पुढे असे. भिंत व खोका यांमधल्या जागेत त्यांची खुर्ची आणि चपला असत. आम्हांला ही मांडणी केवळ सोयीची वाटत आली होती. पण हिशेब करून पाहावा. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झचा स्वर निघतो. त्याची लाट हवेत चार मीटरांहून थोडी लांब असते. मागून उघड्या खोक्यात कागद पुढे जाऊन हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, म्हणजे मागची लाट पुढच्या लाटेच्या बरोबर उलटी असते. दोन्ही खोक्याला वळसा घालून भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात, आणि खर्ज बारीक होतो. भिंत एक मीटरवर असेल, तर मागची लाट तेथे आपटून पुढे येईतो दोन मीटर जास्त चालते. दोन मीटर म्हणजे त्या स्वराची जवळपास अर्धी लाट. उलटी निघालेली लाट अर्ध्या लाटेने मागे पडली की सुलटी होते, आणि पुढच्या लाटेत मिसळून खर्जाला भरीव करते. याच अंतराने १७२ हर्ट्झच्या आसपासचा स्वर मात्र मारला जातो. चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर अगदी तेथेच येतो, आणि ओटीवर तो खरोखरच नेहमी दबका वाजे. दादा तो स्वर जरा जोर देऊनच वाजवीत. आम्ही ती त्यांची लकब समजत होतो.

घडवंचीचेही तसेच. खोका जमिनीवर असला की जमीन खालच्या स्वरांना उचलून धरते आणि आवाज घोगरा होतो. कोपऱ्यात सरकवला तर दोन भिंती आणि जमीन मिळून तो आणखी फुगवतात. दुसरीकडे, उंच स्वर सरळ रेषेत जातात. ३००० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर, आणि कागद तीस सेंटिमीटर रुंद. लाटेहून मोठ्या तोंडातून निघालेला आवाज पसरत नाही, विजेरीच्या झोतासारखा समोर जातो. जमिनीवर ठेवलेल्या खोक्याचा झोत वादकाच्या पोटऱ्यांवर पडतो आणि त्याच्या कानाला मात्र मऊपणाच ऐकू येतो. त्यामुळे तो धार वाढवीत जातो, आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. हौशी वाद्यवृंदांतील निम्मी भांडणे या एका कारणाने होत असावीत, असा आमचा अंदाज आहे. कार्यक्रमात खोक्यासमोर मायक्रोफोन ठेवतानाही हाच न्याय लागतो. कागदाच्या मध्यावर रोखला तर टोकदार आवाज, कडेकडे सरकवला तर ऊबदार. दोन बोटांच्या अंतराने वाद्य बदलल्यासारखे वाटते.

तेव्हा खोका ओटीवर नेला, घडवंचीवर चढवला, भिंतीपासून मीटरभर पुढे घेतला. आवाज झपाट्याने जुन्याच्या जवळ आला. पुतणीलाही आश्चर्य वाटले. वहिनी म्हणाल्या, "आता बरं वाटतंय. पण तरी नाही." त्यांचे 'तरी नाही' हेही खरे होते. दादा असताना ओटीची जमीन शेणाने सारवलेली होती. तीन वर्षांपूर्वी तेथे लादी बसली. सारवणाची मऊ, सच्छिद्र जमीन जे उंच स्वर थोडे गिळत असे, ते लादी जसेच्या तसे परत फेकते. भिंती त्याच खडबडीत जांभ्या दगडाच्या, वर कौले तीच, पण खालचा तळ बदलला होता. आम्ही लादीवर जुनी गोधडी अंथरली. थोडा फरक पडला. पण गोधडी अंथरून सारवणाची ओटी परत येत नाही.

ही खटपट चालू असताना आम्हांला राहून राहून केशवसुतांच्या 'सतारीचे बोल' या कवितेची आठवण होत होती. केशवसुत आमच्याच तालुक्यातल्या मालगुंडचे, १८६६ साली जन्मलेले. वर्गात ही कविता आम्ही अनेकदा शिकवली आहे: खिन्न मनाने रात्री अंधारातून भटकणारा एक माणूस, कोणा घरातून येणारे सतारीचे स्वर, आधी त्यांच्यावर आलेला राग आणि मग हळूहळू निवत गेलेले मन. कलेच्या सांत्वनशक्तीची कविता म्हणून ती शिकवण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. पण या कवितेत सतार वाजवणारा कोण, त्याने काय हेतूने वाजवले, याला काही महत्त्वच नाही. वादक घरात आहे, ऐकणारा बाहेर, आणि दोघांमध्ये भिंत व अंधार. त्या माणसाला खोलीत बोलावून गाद्यागिरद्यांवर बसवले असते, तर तीच सतार त्याला तसे काही देऊ शकली असती का? आम्हांला शंका आहे. दूर असणे, न दिसणे, स्वर अर्धवट गाळून येणे, या त्या अनुभवाच्या अडचणी नाहीत, ते त्याचे घटक आहेत.

मर्ढेकरांचा दाखलाही येथे अपरिहार्य आहे. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी कलेचा विचार तिच्या माध्यमापासून सुरू केला. संगीताचे माध्यम शुद्ध नादसंवेदना, आणि त्या संवेदनांची संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी बांधलेली रचना म्हणजे कलाकृती. मर्ढेकरांनी नोकरी आकाशवाणीत केली. ध्वनी लांबवर पोचवण्याच्या धंद्यातच ते होते, आणि तरीही त्यांच्या सिद्धान्तातील संवेदना जणू कोणत्याही खोलीत, कोणाच्याही कानी सारखीच पोचते. याला आम्ही त्यांच्या विचारातील दोष म्हणणार नाही. सिद्धान्ताला आपला विषय काही ठिकाणी बांधून घ्यावाच लागतो. परंतु ओटीवर मीटरभर भिंत सरकली की विरोधातला एक स्वर नाहीसा होतो, समतोल ढळतो, आणि तेच बोट, तीच तार, तीच रचना वेगळी होते. मग लय स्वरांत आहे, की स्वर-भिंत-कान यांच्या नात्यात? संहितेचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नसावा. तीच ओवी जात्यावर, तीच छापील पुस्तकात आणि तीच परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत या तीन ठिकाणी एकच असते का?

सार्वजनिक जीवनात तर याची उत्तरे रोज ऐकू येतात. आमच्या जिल्ह्यात गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचते, शक्ती आणि तुरा या दोन पक्षांत सवालजवाब रंगतात. बांबूला किंवा माडाला बांधलेला कर्णा हा त्या रात्रींचा जुना सोबती. कर्णा मधले स्वर मैलभर फेकतो, पण खर्जातले काही त्याच्या नरड्यातून बाहेर पडत नाही. त्यामुळे दूरवरच्या वाडीत ढोलकीची शाई ऐकू येते, धुमेचा भरणा येत नाही. शाहिराचे शब्द येतात, नाचणाऱ्यांच्या पावलांचा ठेका येत नाही. आता कर्ण्यांची जागा भल्या थोरल्या स्पीकरांच्या भिंतींनी घेतली आहे, आणि तेथे नेमके उलटे होते: छातीत धडधड उठते आणि शब्द कळत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवर बंधन घातले, तेही आवाजाच्या मापाचेच. कोणता स्वर पोचतो आणि कोणता वाटेत मरतो, याची चिंता करणे हे कायद्याचे काम नाही. ते आपल्यासारख्यांचे असावे.

असो. घरातल्या प्रश्नाचा उलगडा शेवटी एका साध्या चौकशीतून झाला. आम्ही वहिनींना विचारले, दादा वाजवीत तेव्हा तुम्ही कोठे बसत होतात? त्या म्हणाल्या, "बसायला कुठलं मिळायला? मी चुलीशी." म्हणजे ओटी, माजघर आणि मग स्वयंपाकघर, मध्ये दोन भिंती आणि दोन दारे. झोत समोरच्या खळ्याकडे जात असे आणि वहिनींपर्यंत खोक्याच्या उघड्या पाठीचा, भिंतीवरून परतलेला, कौलांखालच्या पोकळीतून फिरून आलेला, धार गेलेला आवाज पोचत असे. दादांचा आवाज म्हणून ज्याची त्यांना ओळख होती, तो दादांनी स्वतः कधीच ऐकलेला नव्हता. ऑर्केस्ट्राच्या श्रोत्यांनी ऐकलेला तिसराच, आणि आमच्या आठवणीतला, पडवीच्या पायरीवरून ऐकलेला, चौथा.

त्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि पुतणीने ओटीवरून वाजवले. त्या काही वेळाने बाहेर आल्या. आवाजाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. "खोका ने तू," एवढेच लेकीला म्हणाल्या. जुना स्पीकर वर्तमानपत्रात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवला आहे. त्याचा काही उपयोग नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

हे सारे 'आवाज' या आपल्या लाडक्या संज्ञेविरुद्ध पुरावा म्हणून आम्ही मांडत नाही. दादा गेल्यावर त्यांचे असे काही त्या खोक्यात उरले नव्हते, असेही आम्हांला म्हणवत नाही. तो दबका स्वर जोर देऊन वाजवण्याची सवय पुतणीच्या बोटांत उतरली आहे, आणि पुण्यातल्या सिमेंटच्या खोलीत, जेथे तो स्वर मुळीच दबत नाही, तेथेही ती तो उगाचच जोराने वाजवते. एका ओटीच्या लांबी-रुंदीने घडवलेली लकब आता ओटीवाचून जगते आहे. शैलीची उत्पत्ती शोधणाऱ्या समीक्षकांनी अशा गोष्टींची नोंद घ्यावी. लेखकाच्या मनात कारण सापडेनासे झाले की कधीतरी त्याच्या खोलीत शोधावे.

पुतणी आता अधूनमधून वाजवलेले ध्वनिमुद्रित करून आईच्या फोनवर पाठवते. फोनचा स्पीकर नखाएवढा. ८२ हर्ट्झचा खर्ज त्यातून निघणे शक्यच नाही. पण त्या स्वराच्या वरच्या पटीतले स्वर येतात, आणि मानवी कानाची रचना अशी की, तेवढ्यावरून तो न वाजलेला मूळ स्वर स्वतःच उभा करतो. वहिनी फोन ताकाच्या बरणीला टेकवून ठेवतात, भाजी चिरता चिरता ऐकतात, आणि नंतर लेकीला उलट फोन करतात. परवाच्या फोनवर त्यांनी वादनाविषयी काही सांगितल्याचे आम्ही ऐकले नाही. खोका भिंतीपासून लांब ठेव, आणि रात्री दहानंतर वाजवू नकोस, खालच्या मजल्यावर लहान मूल आहे, एवढे मात्र त्या दोनदा म्हणाल्या.